बिनबियांच्या पिकाचे बी: नौगावच्या गांजा महालाचा इतिहास

गांजाच्या जातीत नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते. नर झाडाचे पराग वाऱ्यावर उडतात, मादी झाडाच्या तुऱ्यांवर बसतात आणि तुऱ्यांत बी भरते. गांजा म्हणून जो माल विकला जाई तो मादी झाडाचा तुरा. त्याची किंमत त्यावर सुटणाऱ्या चिकट राळेवर ठरे. तुऱ्यात बी भरू लागले की राळ उणावते, तुरा बियांनी जड होतो आणि मालाची प्रत उतरते. म्हणून गांजा पिकवणाऱ्या शेतकऱ्याची सारी धडपड तुऱ्यात बी धरू नये यासाठी असे. मात्र हे झाड एका हंगामाचे आहे. पुढच्या वर्षीचे पीक पुन्हा बियांपासूनच उभे करावे लागते. जे बी पिकात नको, तेच पेरणीला हवे, या पेचातून एकोणिसाव्या शतकात उत्तर बंगालमधल्या नौगाव परिसरात शेतीची एक अत्यंत कसबी पद्धत उभी राहिली. तिची दखल वनस्पतिशास्त्रज्ञांना, अबकारी खात्याला आणि शेवटी ब्रिटिश पार्लमेंटलाही घ्यावी लागली.

ज्याला बी म्हणतात ते शास्त्रीय दृष्टीने एकबीजी कोरडे फळ असते. लांबी तीन ते पाच मिलिमीटर, रंग करडा ते तपकिरी, वर गडद रेषांची जाळीदार नक्षी. आत मऊ गर आणि त्यात साधारण 30 ते 35 टक्के तेल. या तेलामुळे बी पौष्टिक ठरते आणि त्यामुळेच ते टिकायला अवघड जाते. उष्ण, दमट हवेत तेल खवट होते आणि उगवणशक्ती झपाट्याने घटते. बंगालमध्ये पीक निघे फेब्रुवारीच्या सुमारास आणि पेरणी होई ऑगस्टमध्ये. म्हणजे कडक उन्हाळा आणि पावसाळ्याचा निम्मा भाग बियांना घरात काढावा लागे. या सहा महिन्यांत बी कोरडे राखणे हे शेतकऱ्याचे पहिले काम. त्यातही एक अडचण कायमची होती: बियांकडे पाहून त्यातून नर उगवेल की मादी हे कोणालाही सांगता येत नाही. पेरलेल्या रोपांपैकी जवळजवळ निम्मी नर निघणार हे धरूनच पेरणी करावी लागे.

झाडांना नर आणि मादी असे लिंग असते, ही गोष्ट युरोपीय विज्ञानाने प्रयोगाने सिद्ध केली ती 1694 मध्ये. ट्युबिंगेन येथील रुडॉल्फ कामेरारियस याने तुती, एरंड, मका अशा झाडांची नरफुले काढून किंवा मादी झाडे वेगळी वाढवून बी धरत नाही हे दाखवले. त्याच्या प्रयोगांत गांजाच्याच जातीचे झाडही होते, आणि त्यानेच त्याला दगा दिला. एकट्या वाढवलेल्या मादी झाडांवरही काही बी धरलेच. याचा उलगडा त्याला झाला नाही आणि त्याने ती अडचण प्रांजळपणे नोंदवली. उलगडा असा की मादी झाडावरही अधूनमधून थोडी नरफुले येतात आणि बी धरायला तेवढे पराग पुरतात. बंगालच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही दरवर्षी डोळ्यांत तेल घालून निस्तरायची बाब होती. नर झाडे उपटून टाकली तरी काम संपत नाही, हे त्याला अनुभवाने माहीत होते.

नौगाव हे छोट्या जमुना नदीकाठचे गाव. त्या काळी ते राजशाही जिल्ह्यात होते, आज बांगलादेशात आहे. राजशाही, दिनाजपूर आणि बोगरा हे तीन जिल्हे जिथे एकमेकांना भिडतात, त्या टापूला गांजा महाल म्हणत. पूर्वी जेसोर भागातही गांजाची लागवड होत असे, पण पुढे सरकारने बंगालमधली लागवड या एकाच टापूत आणली. कारण उघड होते. मादक पदार्थांवरची कर-आकारणी कंपनी सरकारने 1793 च्या नियमावलीने परवाना पद्धतीवर आणली होती, आणि विखुरलेल्या शेतांवर नजर ठेवण्यापेक्षा एका टापूभोवती कुंपण घालणे कितीतरी सोपे होते. नौगावची जमीनही या पिकाला मानवणारी होती. पावसाचे पाणी न साचणारी उंच, हलकी, भुसभुशीत पोयट्याची जमीन, आणि भोवती या पिकात मुरलेली रयत.

या लागवडीचा पहिला तपशीलवार अहवाल 1877 मध्ये हेमचंद्र केर या बंगाली डेप्युटी कलेक्टरने सादर केला. त्यानंतर 1893 मध्ये डेव्हिड प्रेन यांनी गांजाची लागवड आणि वापर यांवर अहवाल लिहिला. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात काम करणारे हे शास्त्रज्ञ पुढे लंडनच्या क्यू उद्यानाचे संचालक झाले. या दोन अहवालांमुळे नौगावच्या शेतकऱ्याचे वर्ष कसे जाई हे आज बरेच बारकाईने सांगता येते.

वर्षाची सुरुवात जमिनीपासून होई. एकाच शेतात लागोपाठ दरवर्षी गांजा घेत नसत. निवडलेले शेत उन्हाळ्यापासून पुन्हापुन्हा नांगरून, ढेकळे फोडून, शेणखत घालून तयार करत. बी मात्र थेट शेतात पडत नसे. त्यासाठी रोपवाटिकेचा वेगळा तुकडा राखलेला असे. त्यावर झाडाची सावली पडता कामा नये, पाणी साचता कामा नये आणि माती हाताने चुरडता येईल इतकी मोकळी हवी, असा कटाक्ष असे. ऑगस्टच्या मध्याला, पाऊस उघडलेला कोरडा दिवस पाहून बी फोकून पेरत. यातली प्रत्येक अट बियांच्या स्वभावातून आली आहे. ओल नसेल तर बी रुजत नाही, पण चिखलात बसले तर हवा न मिळून ते कुजते. बंगालच्या पावसाळ्यात ओल मिळवण्याची काळजी नव्हती, ती आवरण्याची होती, म्हणूनच उंच जमीन आणि कोरडा दिवस. बी जिवंत असेल तर आठवड्याच्या आत उगवते. आधी मूळ खाली जाते, मग दोन जाड दले माती सारून वर येतात आणि त्यानंतर करवती कडांची खरी पाने दिसू लागतात.

नवख्या शेतकऱ्याची परीक्षा इथेच सुरू होई. दाट उगवलेली रोपे एकमेकांना दाबतात आणि उंच, लेचीपेची होतात. विरळ पेरले तर शेत भरण्याइतकी रोपेच मिळत नाहीत. रोपे बेताची उंच झाली की सप्टेंबरच्या उत्तरार्धात ती उपटून मुख्य शेतातल्या सरी-वरंब्यांवर ओळीने लावत. पुनर्लावणीमुळे शेतकऱ्याला जोमदार रोपे निवडता येत आणि ओळीत लावल्यामुळे प्रत्येक झाडापर्यंत चालत जाता येई. ही दुसरी सोय फार महत्त्वाची होती, कारण पुढचे खरे काम झाडागणिक तपासणीचेच होते. ऑक्टोबरात पेंडीचे खत पडे, वरंबे पुन्हा बांधले जात. नोव्हेंबरच्या सुमारास झाडाच्या खालच्या फांद्या छाटत, म्हणजे वाढ वरच्या तुऱ्यांकडे जाई.

मग शेतात पोद्दाराला बोलावत. गांजा महालात पोद्दार म्हणजे नर आणि मादी झाड ओळखणारा जाणकार. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला गांजाचा डॉक्टर असे नाव दिले. असे जाणकार थोडे आणि त्यांचा हंगाम आखूड, त्यामुळे ते एका शेतातून दुसऱ्या शेतात सतत फिरत असत. त्यांचे कसब काय होते हे नीट पाहण्यासारखे आहे. नराचे फूल उमलले की ते कोणालाही ओळखता येते. हिरवट-पिवळ्या पाच पाकळ्यांचे लोंबते घोस आणि हात लागताच उडणारी परागाची धूळ. पण तोवर उशीर झालेला असतो. नरफुलांतून परागकण अमाप सुटतात आणि वाऱ्याबरोबर ते शेजारच्या शेतापर्यंत जातात. म्हणून नर ओळखायचा तो फूल उमलण्याच्या आधी. फांदी खोडाला जिथे फुटते त्या पेऱ्याशी बारीक कळी येते. नराची कळी गोलसर, देठावर असलेली. मादीच्या कळीतून दोन पांढरट केसांसारखे तंतू बाहेर डोकावतात. ही खूण मोहरीएवढ्या जागेत पाहायची, आणि तीही ओळीतून चालता चालता. पोद्दार झाडाच्या पानांची ठेवण आणि वाढीचा ढंग यावरूनही अंदाज बांधत असे. नर दिसला की तो खोड मोडून पुढे जाई आणि मागून येणारा शेतकरी ते झाड उपटून टाकी.

एका फेरीत भागत नसे. काही झाडे उशिरा लिंग दाखवत आणि काही मादी झाडांवर मध्येच नरफुलांचा घोस फुटे. कामेरारियसला कोड्यात टाकणारी हीच गोष्ट. त्यामुळे पहिल्या फेरीनंतर शेतकरी स्वतः पुन्हा, आणि मग तिसऱ्यांदा, सारे शेत झाडागणिक तपासत असे. शेजाऱ्याने हयगय केली तर आपल्याही पिकात बी भरणार, ही जाणीव सगळ्यांना होती. त्यामुळे गांजा महालात एकट्याने चांगले पीक काढणे जवळपास अशक्यच होते. अलीकडे अमेरिकेत बिनबियांच्या गांजाची पद्धत 1970 च्या दशकात प्रसिद्ध झाली आणि तिला नवे तंत्र समजले गेले. नौगावच्या रयतेने ती त्याच्या किमान शंभर वर्षे आधी पूर्णत्वाला नेली होती, हे सांगितलेच पाहिजे.

फेब्रुवारीच्या सुमारास तुरे पिवळसर होत आणि पीक कापणीला येई. तुऱ्यांच्या फांद्या शेतातून उघड्या, मोकळ्या जागेवर नेत. तिला चातोर म्हणत. तिथे माल तीन प्रकारे तयार होई. चपटा गांजा करताना उन्हात सुकवलेल्या फांद्या पसरून माणसे त्या पायांनी दाबत, तुडवत आणि पुन्हा रचत. राळेमुळे तुरे एकमेकांना चिकटून सपाट होत. गोल गांजासाठी माणसे आडव्या बांबूला हातांनी धरून उभी राहत आणि पायाखाली तुरा लाटून त्याला गोल आकार देत. तिसरा प्रकार चुराचा, म्हणजे फांदीपासून सुटलेल्या तुऱ्यांचा. तुडवून झाले की फांद्या उचलून झटकत, आणि त्यासरशी पाने आणि चुकून धरलेले बी खाली गळे.

पुढच्या हंगामाच्या पेरणीचे बी हेच. सगळी दक्षता घेऊनही थोडे नर सुटत, काही मादी झाडांवर नरफुले येत आणि तुऱ्यांत इथे-तिथे बी धरे. मालाच्या दृष्टीने ते दोष होते, पण तेवढ्या दोषावरच पुढचे वर्ष उभे राहत असे. तुरा शंभर टक्के बिनबियांचा करण्यात नौगावचे शेतकरी खरोखर यशस्वी झाले असते, तर दोन-तीन हंगामांतच त्यांना बी बाहेरून आणावे लागले असते. निवडीचा परिणामही यात दडलेला होता. उत्तम निगा राखलेल्या शेतातल्या, राळेने भरलेल्या तुऱ्यांतलेच बी पिढ्यानपिढ्या पेरले जात होते. शेतकऱ्यांनी ठरवून वाण निर्माण केला असे म्हणता येणार नाही, पण या रीतीने पिकाचा कस टिकून राहिला असणार.

सरकारचे लक्ष या साऱ्या क्रियेवर बारीक होते. शेतकऱ्याला दरवर्षी परवाना घ्यावा लागे, शेताची मोजणी होई, उभ्या पिकावरून उत्पन्नाचा अंदाज बांधला जाई आणि तयार माल नौगावच्या गोल्यात, म्हणजे सरकारी देखरेखीखालच्या गुदामात, ठेवावा लागे. घाऊक व्यापारी तिथून कर भरून माल उचलत. गोल आणि चपटा यांच्यावरचा कर वेगवेगळा होता, कारण गोल प्रकारात काडीकचरा कमी आणि राळेचा तुरा जास्त. 1839 मध्ये कलकत्त्यात विल्यम ओ'शॉनेसी या डॉक्टरने धनुर्वातासह काही आजारांवर गांजाच्या अर्काचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यानंतर ब्रिटिश औषधसंहितेत भारतात वाढलेल्या मादी झाडांच्या, राळ न काढलेल्या तुऱ्यांना जागा मिळाली. बंगालच्या मालाला त्यामुळे औषधी बाजारातही मागणी आली.

2 मार्च 1893 रोजी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये दारूबंदीवादी सदस्य विल्यम केन यांनी बंगालमधल्या गांजाबद्दल प्रश्न विचारला, आणि त्यातून भारतीय भांग-गांजा आयोगाची नेमणूक झाली. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग अध्यक्ष होते. सदस्यांत पुढे बंगालचे नायब राज्यपाल झालेले अँड्र्यू फ्रेझर आणि राजा शशिशेखरेश्वर राय, कंवर हरनाम सिंग व लाला निहालचंद हे तीन भारतीय होते. आयोगाने 1193 साक्षी नोंदवल्या आणि 1894 मध्ये सात खंडांचा अहवाल दिला. बेताच्या सेवनाने सहसा अपाय होत नाही, संपूर्ण बंदी नको, लागवड मोजक्या टापूंत आणावी आणि कर वाढवत जावे, असा त्याचा निष्कर्ष होता. राय आणि निहालचंद यांनी भिन्नमत नोंदवले. शेतीच्या दृष्टीने पाहिले तर या अहवालाचे मोठेपण दुसरीकडे आहे. पेरणीपासून तुडवणीपर्यंत एका पिकाचे इतके बारीक वर्णन त्या काळात फार थोड्या पिकांच्या वाट्याला आले.

मुंबई इलाख्यातली रीत वेगळी होती. इथल्या गांजाच्या लागवडीचा बहुतांश भाग अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, होता. सातारा, सोलापूर आणि खानदेशातही थोडीफार लागवड होई. दख्खनचा शेतकरी रोपवाटिका करत नसे. पावसाळ्याच्या सुरुवातीला तो पाभरीने थेट शेतातच बी पेरी, मग विरळणी आणि खुरपणी करी. नर काढण्याचे काम घरचीच माणसे करत, त्यासाठी पोद्दारासारखा वेगळा जाणकार नव्हता. कापणीही बंगालच्या आधी, पावसाळा संपल्यावर हिवाळ्याच्या तोंडाशी होई. दख्खनच्या मालात बी अधिक राही आणि बंगालचा गांजा त्याहून सरस मानला जाई. थेट पेरणीत दाट ओळींतून झाडागणिक फिरता येत नाही, तेव्हा हा फरक पडणारच होता. मध्य प्रांतात खांडव्याच्या आसपास अशीच मर्यादित लागवड होती. बंगालच्या तुलनेत मुंबई इलाख्याची देखरेख सैल असल्याचे आयोगाने नोंदवले आणि इथेही बंगालची पद्धत आणावी अशी शिफारस केली. स्वातंत्र्यानंतर 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यात दारूबरोबर मादक वनस्पतींचाही समावेश झाला.

नौगावमध्ये मात्र या पिकाचा सर्वांत मोठा काळ अजून यायचा होता. शेतकरी सावकार आणि दलालांच्या हाती सापडलेले होते. 1917 मध्ये नौगाव गांजा उत्पादक सहकारी संस्था नोंदवली गेली आणि परवानाधारक शेतकऱ्यांचा माल एकत्र विकू लागली. नफ्यातून तिने शाळा, दवाखाने, गुरांचे दवाखाने, रस्ते, मशिदी आणि मंदिरे यांना पैसा दिला. भारतीय उपखंडातल्या सहकाराच्या इतिहासात या संस्थेला मानाचे स्थान मिळायला हवे होते. मालाच्या बदनामीमुळे ती बहुतेक पुस्तकांतून गळाली, ही खंत आहे. 1947 च्या फाळणीत नौगाव पूर्व पाकिस्तानात गेले आणि भारतातले गिऱ्हाईक तुटले. 1961 च्या संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक करारात गांजाचा औषधेतर वापर पंचवीस वर्षांत थांबवण्याची मुदत होती. बांगलादेशाने 1987 मध्ये लागवड बंद केली. पोद्दार, चातोर आणि गोला हे शब्द त्यानंतर नौगावच्या रोजच्या व्यवहारातून गेले.

भारतात 1985 चा अमली पदार्थ व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ कायदा आला. परवान्याशिवाय झाड लावल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गांजा म्हणजे फुलांचे किंवा फळांचे तुरे अशी व्याख्या कायद्याने केली आणि तुऱ्याशिवायचे बी व पाने तिच्याबाहेर ठेवली. व्याख्येतून सुटलेले हे बी उत्तराखंडच्या डोंगरी भागात आजही भाजून, वाटून चटणीत घालतात. त्याच राज्याने 2018 मध्ये 0.3 टक्क्यांहून कमी नशाद्रव्य असलेल्या वाणांच्या औद्योगिक लागवडीला परवाने देण्यास सुरुवात केली. नोव्हेंबर 2021 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हे बी, त्याचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. या लागवडीत पीक काढायचे ते धाग्यासाठी आणि बियांसाठी. त्यामुळे इथे नर झाडाला कोणी हात लावत नाही आणि प्रत्येक तुऱ्यात भरगच्च बी धरेल एवढेच पाहतात.